निळ्या दिव्याखालची गणितं

(पार्वतीपुरमचा सरकारी दवाखाना, बाळंतिणींचा वॉर्ड, दुपार. खाटेला लागून निळ्या दिव्याखाली चार दिवसांचं बाळ, डोळ्यांवर पट्टी. खाटेवर त्याची आई सुवर्चला, पायथ्याशी पुस्तक घेऊन तिची धाकटी बहीण हारिका.)

हारिका : ...वर सहा पॉइंट सहा गुणिले तीन, खाली चारशे साठ. उत्तर चार पॉइंट तीन.

सुवर्चला : चार पॉइंट तीन काय? आंबे?

हारिका : ज्यूल.

सुवर्चला : एका फोटॉनला चार ज्यूल? मग या दिव्याखाली पोर भाजून निघालं असतं. दहाचे घात कुठे गेले?

हारिका : राहिले लिहायचे. उणे एकोणीस. अक्का, आज नको ना हे. माझं डोकं बाळाच्या संध्याकाळच्या रिपोर्टमध्ये अडकलंय.

सुवर्चला : उद्या सकाळी पेपर आहे. एकदा नापास झालीस तेवढं पुरे.

हारिका : तेव्हा अम्माचं दिवसकार्यही व्हायचं होतं.

सुवर्चला : पेपर तपासणाऱ्याला ते ठाऊक नसतं. पुढचं वाच.

हारिका : भाऊजी गाडी ठरवायला गेलेत. खरंच विशाखापट्टणमला न्यावं लागेल?

सुवर्चला : संध्याकाळपर्यंत कावीळ उतरली नाही तर नेणार. तिथे अंगातलं रक्त बदलतात.

हारिका : एवढ्याशा जिवाचं?

सुवर्चला : वाच म्हटलं ना.

हारिका : वाचते. ‘एका पदार्थाचं द्रावण पिवळं आहे. त्यावर दिवसभर लाल प्रकाश सोडला, काही घडलं नाही. निळा सोडताच अभिक्रिया सुरू झाली. कारण द्या.’ लाल फोटॉनची ऊर्जा कमी, म्हणून.

सुवर्चला : अर्धेच गुण. ऊर्जेच्या आधी काय व्हावं लागतं?

हारिका : प्रकाश शोषला जावा लागतो. शोषलाच नाही तर ढीगभर ओता, उपयोग शून्य. आणि पिवळी वस्तू निळा गिळते, म्हणून तर ती पिवळी दिसते.

सुवर्चला : आता पूर्ण. हे असंच लिही, वाढवू नकोस.

हारिका : म्हणजे बाळाच्या कातडीतलं पिवळंसुद्धा... म्हणून दिवा निळा होय? हे पुस्तकात छापलं असतं तर मी पहिल्याच फटक्यात पास झाले असते.

सुवर्चला : झाली असतीस. पुढचं घे.

हारिका : अक्का, बाळावर ते काय घातलंयस?

सुवर्चला : काही नाही. साडीचा तुकडा आहे. सिस्टर यायच्या आत काढते.

हारिका : अम्माची ना ही? हळदी रंगाची, घरात नेसायची ती.

सुवर्चला : पोराचं पहिलं कापड आजीच्या जुन्या साडीचं असतं. आपल्यात नवं कोण घालतं?

हारिका : कधीपासून घालतेस?

सुवर्चला : कालपासून. अगं, उघडा ठेवला की दचकायचा. दोन्ही हात पसरायचा, कुणी वरून सोडून दिल्यासारखा. हे टाकलं की निजायचा. अम्मा असती तर तिनंही हेच केलं असतं. आणि किती विरलंय बघ, आरपार दिसतं.

हारिका : आरपार कुठला रंग दिसतो?

सुवर्चला : पिवळा.

हारिका : आत्ताच तर माझ्याकडून वदवून घेतलंस. निळा त्या कापडातच संपतोय.

सुवर्चला : कळलं.

हारिका : मग काढ ना.

सुवर्चला : तू काढ. दरवर्षी निळ्या दिव्यापुढे पिवळा कागद धरून मी स्वतः मुलांना दाखवते गं. दरवर्षी.

हारिका : काढलं. आता सिस्टरना सांगू या.

सुवर्चला : सांगायचं कशाला? काढलंय ना आता. सासूबाई आधीच म्हणत होत्या, आई नसलेल्या घरी बाळंतपणाला पाठवायलाच नको होतं. हे त्यांच्या कानावर गेलं तर जन्मभर ऐकून घ्यावं लागेल.

हारिका : डॉक्टर समजतायत की दिवा देऊनही उतार नाही. म्हणून रक्त बदलायचं म्हणतायत. दिवा पोचलाच नाही, हे तुझ्याशिवाय कोण सांगणार त्यांना? मी सांगू? मी तर नापास झालेली.

सुवर्चला : तू गप्प बस. हाक मार त्यांना.

हारिका : सिस्टर, जरा येता?

सिस्टर : काय झालं? दूध पीत नाही का?

सुवर्चला : पितो. सिस्टर, कालपासून मी त्याच्यावर कापड घालत होते. तुम्ही आलात की काढायचे.

सिस्टर : बघू. हे? रात्रीसुद्धा?

सुवर्चला : रात्रीसुद्धा.

सिस्टर : तरीच मी म्हणते, यंत्र ठीक आहे, दिवे नवे आहेत, मग अडलंय कुठे. शिकलेल्या ना तुम्ही?

सुवर्चला : रसायनशास्त्र शिकवते.

सिस्टर : मग मी काय बोलणार. डॉक्टरांना आत्ता सांगून येते.

हारिका : गाडी नको म्हणून कळवू का भाऊजींना?

सिस्टर : अजिबात नको. गाडी दारात उभी असू दे. आता उघड्या अंगाला नीट उजेड लागला तर काही तास वाट बघतील, असं मला वाटतं. पण ठरवणार ते.

हारिका : अक्का, रडायला लागला.

सिस्टर : रडू दे. सुस्त पडला असता तर मी पळत सुटले असते. अंगावर पाजा, पुन्हा दिव्याखाली ठेवा. मधे वेळ घालवू नका.

सुवर्चला : सिस्टर, डॉक्टर घरच्यांना सांगतील?

सिस्टर : ते विचारतील. तुम्हीच सांगा, बाई. दुसऱ्यानं सांगितलं की वाढवून सांगतात.

सुवर्चला : सांगते. ...बघा ना, परत हात पसरतोय. असं ठेवलं असताना हात लावला तर चालेल त्याला?

सिस्टर : पायाला धरा. बाकी अंगावर सावली पडू देऊ नका.