जर्मन, अझरबैजानी आणि उदगीरची बोअर

— हसा, महादेवप्पा, पोटभर हसा! "अझरबैजान म्हणजे बिदरच्या पुढं का हो?" — वा! तीस वर्षं पत्रकारिता करून राहिलो, असले विनोद मंत्र्यांकडून ऐकले; होणाऱ्या व्याह्याकडून आजच. पण माझी पोरगी, महानंदा, पीएच.डी.साठी नेमकं काय करते ते ऐका तरी. दोन भाषा घेतल्या — जर्मन आणि अझरबैजानी — आणि बघितलं की एक वाक्य दुसऱ्याचा हात धरतं कसं. मजकूर एकसंध राहतो तो कशानं? जर्मन माणूस प्रत्येक सांध्याला खिळा ठोकतो — म्हणून, तरीही, त्याउलट. अझरबैजानीत एका कामाच्या पोटात दुसरं — उठून, जाऊन, भरून, आणून, आणि शेवटी एकदाच "ठेवलं" — आपल्यासारखंच की! तो, ती, ते, तिघांना मिळून एकच शब्द. मग कोणाबद्दल चाललंय ते कळतं कसं? कळतं. नाव पुन्हा येतं, मागचं ध्यानात असतं. माझीच पाण्याच्या टँकरची बातमी तिनं दोन्ही तऱ्हांनी मांडून दाखवली — जर्मन तऱ्हेत दोष थेट पाणीपुरवठ्याच्या साहेबाच्या दारात जाऊन बसला, दुसरीत वाचणाऱ्यालाच घाम फुटला, जोडायचं काम त्याच्यावर आलं ना! आयुष्यभर बातम्या लिहिल्या, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

काय? — तोंडी परीक्षा पुढं ढकला? का, तर स्वामींनी साखरपुड्याला तोच दिवस काढला? अहो, परीक्षक दिल्लीहून नांदेडला येणार, विद्यापीठ पुन्हा तारीख कधी देणार? डिग्री हातात नसली तर जर्मनीत तिला मिळालेली नोकरीची जागा गेली. "उदगीर जिल्हा झाला की तिथल्या कॉलेजात चिकटवू" — तुमच्या जिल्हा कृती समितीच्या बैठका मीच छापत आलोय, महादेवप्पा. जिल्हा केव्हाचा होऊनच राहिलाय!

नाही, तुमच्या मुलात काही खोट नाही. मुलगा भला आहे. मी त्याला बघितलंच कुठं नीट? उदगीरला तुमच्या घरी आलो, तो समोर येऊन बसला, अन् मी त्याचं नाव विचारायच्या आधी परसात जाऊन बोअरची मोटर चालू करायला लावली — तुम्हाला वाटलं, थट्टा करतोय. मनगटाएवढी धार. मी खाली हात धरून उभाच. इथं लातुरात रेल्वेनं पाणी येऊन राहिलंय, नळ कधी येईल म्हणून गुरम्मा — आमची बायको — झोपत नाही, पोरगी आधी टँकरवर भांडते, मग पुस्तक उघडते. वाटलं, तुमच्याकडं हिला पाणी मिळंल. बस, तेवढंच बघितलं मी. घरी येऊन "ठरलं" म्हणालो. तेव्हापासून पोरगी माझ्याशी बोललीच नाही — ताट वाढते, निघून जाते — हे तुम्हाला कशाला सांगून राहिलो मी?

थांबा. मला बोलू द्या. त्या दिवशी साखरपुडा होणार नाही. हाव, शुद्धीवर आहे. त्या दिवशी मी तिच्यासोबत नांदेडला असेन, ती येऊ देईल तर. नंतरची तारीख? ती तिला विचारल्याशिवाय नाही. आता आत जातो, विचारतो — बोलली तर बोलली.

काय म्हणालात? "जर्मनीला जाईस्तोवर पोरीनं प्यायचं काय?"

उठा, महादेवप्पा. उठा म्हणतो ना — दार तिकडं आहे.