उमेदवारीतला अनुभव

मंगरूळपीरला सर्व्हिस मोटारीची वाट पाहत सोजरबाई वांग्यांच्या पाटीशी बसली होती. मागच्या ओट्यावर पोराचे वडील बबनराव आणि पोरीचे वडील नथ्थूजी सोयरीक ठरवत होते. सोजरबाईने पदर कानामागे सारला.

“पोरगं कचेरीत हाय म्हन्ता?” नथ्थूजींनी विचारलं.

“तीन वर्सापासून. उमेदवार हाय.”

“पगार?”

“उमेदवारीत पगार नसते नथ्थूजी, अनुभव भेटते.”

“कायचा अनुभव?”

“कारकुनाच्या घरचं पानी भरते, त्याचे लेकरं शाळेत नेते. यंदापासून तं दौतबी पुसाले भेटते!”

“अन् लिवते कवा?”

“जागा निघाल्यावर.”

“ते कवा निघन?”

“म्हातारा कारकून गेला म्हंजे. पन तब्बेत लय चांगली हाय त्याची. रोज आमच्याच मळ्यातली भाजी जाते ना त्याच्या घरी!”

नथ्थूजींनी बराच वेळ मिशी कुरवाळली.

“सोयरीक मंजूर हाय, बबनराव.”

“वा! मंग तीथ काढू?”

“तिथीची कायले घाई? आंदी तीन वर्स पोराले माह्या मळ्यात मोट हाकू द्या. जावयाची उमेदवारी समजा.”

“तीन वर्स? फुकट?” बबनराव ताडकन उठले. “माह्यं पोरगं काय गडी हाय?”