शिट्टी वाजली की संपलं, असं नसतं

नाही नाही, आई, चहाचं राहू द्या — आधी माझं ऐका. टीव्ही बंद करू नका, तुमचा फुटबॉल बुडवायला नाही आलो. सासूबाईंसमोर पदर पसरायला आलोय — पदर नाही म्हणून शर्ट! हसा, हसा, मला सवय झालीय आता. आमच्या वीज नियंत्रण कक्षात हल्ली शिपाईसुद्धा मला बघून हसतो. त्याचं असं आहे — सामना चालू असला की अख्खं शहर टीव्हीसमोर चिकटलेलं असतं. संपला रे संपला की सगळे एकदम उठणार — दिवे, पंप, किटल्या, सगळं एकाच मिनिटात! त्याच्या जरा आधी आम्ही वीजनिर्मितीचा जादा संच चालू करायचा. आता सामना संपत आला हे ओळखायचं कुणी? मी! ज्याला अजून कळत नाही की गोल कुणी कुणावर केला!

परवा उपांत्य सामन्यात शिट्टी वाजली. मी रुबाबात हुकूम सोडला — संच चालू! कोणी उठेचना. तर म्हणे जादा वेळ आहे. ओशाळून संच बंद करायला लावला. मग खरोखर संपला, तेव्हा मी शहाणा पुढच्या शिट्टीची वाट बघत बसलो — आणि आपल्याच शहरातल्या मैदानावरचे दिवे मिणमिणले! साऱ्या जगाने पाहिलं, आई. साहेब म्हणाले, अंतिम सामन्यात पुन्हा असं झालं तर घरी बसा. घरी! घरी आहे कोण माझ्या? म्हणून उद्या तुम्ही फक्त फोन कानाला लावून बसायचं, संपत आला की सांगायचं. कचेरीतले? अहो, गोल झाला की खुर्च्यांवर चढून नाचतात ते, त्यांना काय विचारता!

तुमच्या लेकीला मात्र कळू देऊ नका. बाहेर गेलीय म्हणालात ना? बरं झालं. मला सोडून इकडे येताना म्हणाली होती, तुला गावभरच्या दिव्यांची काळजी, आपल्या घरात काय चाललंय ते कधी बघितलंस? बरोबरच बोलली. आता बघतो — इकडचं. रोज संध्याकाळी तुमच्या भागातल्या वीजवापराचा आकडा समोर लावून बसतो. आकडा जरासा वर गेला की म्हणतो, आली वाटतं कामावरून. कळतं हो मला, हजारो घरांचा आकडा तो, तिच्या एका दिव्याने काय हलणार! एवढा वीस वर्षांचा अनुभव, आणि हा खुळेपणा. पण बघितल्याशिवाय करमत नाही. तिच्याशिवायच करमत नाही, खरं सांगायचं तर — हे तर अजिबात सांगू नका हं तिला!

काय झालं? आत काय बघताय सारखं? आई — घरात तुम्ही एकट्याच आहात ना? मग स्वयंपाकघरातला दिवा आत्ता कुणी लावला?