पाणी पाठीमागून येतं

बसा दादा, उठू नका. हार काढायचीही घाई नको. तुमची नजर खिडकीबाहेर कुठे जाते ते मला इथून दिसतंय. समुद्र उद्याही तिथेच असणार आहे. मला भीती आहे ती त्याचीच.

माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, बर्फ कारखान्यातले माझे सोबती, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या वहिनी,

आजच्या सत्कारमूर्तींबद्दल, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या फोरमनदादांबद्दल, माझ्याआधी सगळे चांगलं बोलले. मीही तसंच बोललो असतो. पण मघाशी आपण टाळ्या वाजवून त्यांच्या हाती गळाची नवी काठी दिली, आणि ते म्हणाले, "उद्यापासून रोज वाळूच्या पट्ट्यावर!" तेव्हापासून मला तो पट्टाच दिसतो आहे. पूर्वी त्यांच्याबरोबर मी असायचो. आता माझा गुडघा पाण्यात उतरू देत नाही. उद्या ते एकटे असतील.

ज्यांनी तो पट्टा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आधी किनारा, मग एक चर, मग वाळू, आणि वाळूपलीकडे समुद्र. ओहोटीला चरात गुडघाभर पाणी असतं. पाय न उचलता, घासत जायचं. वाळूत पाकट मासा निजलेला असतो आणि त्याच्या शेपटीला काटा असतो. गळाची दोरी मनगटाला गुंडाळायची नाही, मोठा मासा माणसालाच ओढतो. एवढं आपल्यातले बरेच जण जाणतात.

भरती आली की पाणी समोरून येईल असं आपल्याला वाटतं. ते तसं येत नाही. आधी चर भरतो. पायाखालची वाळू कोरडी असते, समोर सगळं शांत दिसतं, आणि घरची वाट पाठीमागे आवाज न करता बुडत असते. आणि मासा येतो कधी? भरतीबरोबर. म्हणजे निघायची वेळ झाली की नेमकी दोरी ताणते. अशा वेळी मागे वळून कोण पाहणार?

म्हणून आमची एक रीत होती. वाळूवर, चराच्या पाण्यापासून हातभर वर, खुंटी रोवायची. दादा गळ टाकणार, मी त्यांच्या पाठीला पाठ लावून खुंटीकडे बघत बसणार. मागच्या रांगेत हसू नका. "हा मासे धरायला जातो की रुसून बसायला?" हे मी पुष्कळ ऐकलं आहे. खुंटीला पाणी लागलं की मी म्हणायचं, "चला." वाद नाही. मासा लागलेला असेल तर दोरी कापायची.

गेल्या थंडीत मी आमिष आणायला टोपलीपर्यंत गेलो. परत आलो तर खुंटी कोरडी. बराच वेळ कोरडीच. मग माझ्या लक्षात आलं, की ती फार जवळ दिसते आहे. दादांनी ती उपटून वर रोवली होती.

"एवढा एकच मासा," ते म्हणाले.

चरात उतरलो तेव्हा पाणी छातीला लागलं. मध्यावर गळ्याला. त्यांनी माझी कॉलर धरली होती की मी त्यांची, हे आम्हा दोघांनाही सांगता येत नाही. माझा गुडघा तिथल्या दगडावर आपटला. वहिनी, तुम्हाला घरी सांगितलं गेलं, की मी कारखान्यात बर्फावरून घसरलो.

दादा, माझ्याकडे असं पाहू नका. रागवा, हवं तितकं रागवा. रागवायला तुम्ही असावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

ही एक शिट्टी आणली आहे. ती सत्कारमूर्तींसाठी नाही. वाऱ्यात हाक पोचत नाही, शिट्टी पोचते. वहिनी, घ्या.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभार. समारंभात बोलू नये ते बोलून गेलो असेन, तर ती माझी भीती बोलली असं समजा आणि सांभाळून घ्या.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी चराच्या किनाऱ्याकडच्या काठावर बसल्या होत्या. खुंटी त्यांनीच रोवली होती आणि तिच्यावर एक हात ठेवला होता. पाणी खुंटीला लागलं तेव्हा त्यांनी शिट्टी वाजवली. दादांची काठी वाकलेली होती. त्यांनी मान वळवली नाही. वहिनींनी पुन्हा वाजवली. मग दादांनी दोरी कापली.