तकलाची आई

नझीरा : ...त्या घळीत मी दोनदा उतरले, माई. एकेका दगडामागे वाकून पाहिलं. म्हटलं, पडली की काय पोरगी! आणि ही इथे मठात बसून दिवे पुसतेय.

माई मार्था : बस आधी, नझीरा. पाणी पी. गुहेतलं आहे, गार आहे.

नझीरा : नको पाणी. हन्ने, बोल ना काहीतरी. गावभर हाका मारून घसा बसला माझा.

हन्ने : काय बोलू? कालच म्हणालीस ना, नईमशी लग्न करणार नसशील तर मेलीस मला. मेलेली माणसं बोलतात होय?

नझीरा : रागात म्हणतो गं माणूस.

हन्ने : त्याची थोरली लेक माझ्याएवढी आहे, आई. पण दमास्कसला कापडाचं दुकान आहे ना! नको, नको म्हणून थकले मी.

नझीरा : तुझे वडील गेल्यापासून एकटी द्राक्षं काढतेय. माझ्यासारखे हाल तुझे होऊ नयेत, एवढंच होतं मनात. आता काय, इथेच राहणार? माई, तुम्ही ठेवून घेतलंत हिला?

माई मार्था : मी कशाला ठेवून घेऊ? रडत आली, हाताला काम दिलं. मग म्हणाली, संत तकलाची गोष्ट सांगा.

नझीरा : ती तर तिला पाठ आहे.

हन्ने : तू सांगितलीस तेवढी. तकलाने ठरलेलं लग्न मोडलं. लाकडं रचून तिला जाळायला निघाले, तर पाऊस आला. सिंहिणीपुढे टाकलं, तर सिंहीण पाय चाटत बसली. शिपाई पाठीस लागले, तर हा डोंगर दुभंगला. सगळं सांगितलंस. पण 'जाळा हिला' असं सुभेदारापुढे ओरडलं कोण, ते कधी सांगितलं नाहीस. आज माईंकडून कळलं. तिची आई!

नझीरा : माझ्याही आईने नव्हतं सांगितलं. मी चर्चमध्ये ऐकलं, तेव्हा तू मांडीवर होतीस. लेकीला कसं सांगायचं असलं? दर सणाला त्या बाईला मनातल्या मनात शिव्या घालत आले मी. आणि आज घळीत उतरताना, कालचं माझंच बोलणं कानात वाजायला लागलं. तसंच, अगदी तिच्यासारखं.

हन्ने : आई...

नझीरा : नईमने दिलेली साखरपुड्याची अंगठी परत केली मी.

हन्ने : काय?

नझीरा : घळीतून वर आले ती थेट नईमच्या बहिणीकडे. पायांवर धूळ तशीच. अंगठी ठेवली तिच्यापुढे. म्हटलं, माझी पोर सापडो न सापडो, हे लग्न होणार नाही.

हन्ने : ती काय म्हणाली?

नझीरा : म्हणाली खूप. आता गावभर म्हणत फिरेल. फिरू दे! बाहेर पडले आणि इतकं हलकं वाटलं... लगेच पुन्हा हाका मारत सुटले. कारण तू कुठे आहेस तेच ठाऊक नव्हतं.

(हन्ने आईच्या कुशीत तोंड खुपसते.)

नझीरा : पुरे गं. भिजवलास सगळा झगा. हसतेस का रडतेस?

हन्ने : मलाच कळत नाहीये.

माई मार्था : गोष्ट राहिलीच की थोडी. सिंहिणीच्या तावडीतून सुटल्यावर, या डोंगराकडे येण्याआधी तकला आपल्या गावी गेली. त्याच आईच्या दारात उभी राहिली. म्हणाली, लेक हवी असेल तर ही बघ, मी तुझ्यासमोर आहे.

हन्ने : मग? आई काय म्हणाली?

माई मार्था : ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, पोरी.

नझीरा : त्यात लिहायचं काय, माई? सकाळपासून पोटात काही गेलंय का, एवढंच विचारलं असेल.