दीपंकर आणि दोन डाव्या बाह्या

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून आजींना डोळे मिटून बसवलं होतं. शेजारी बसलेले शिंपी आणि त्यांची लेक त्यांना नुसते ऐकू येत होते.

"बाबा, ऑपरेशननंतर महिनाभर कात्रीला हात लावायचा नाही."

"मग दुकान बंद ठेवू."

"मी आहे ना!"

"तू शिवतेस. कापणं वेगळं. तुला दीपंकर बुद्ध ठाऊक आहेत?"

"आता हे कुठून काढलंत?"

"गौतम बुद्धांच्या कितीतरी आधीचे. ते येत होते, वाटेत चिखल. एक तरुण त्यात आडवा पडला. म्हणाला, माझ्यावरून चला."

"फळी टाकायची की."

"ऐक गं. दीपंकर थांबले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, हा पुढे बुद्ध होणार. तोच कितीतरी जन्मांनंतर गौतम बुद्ध झाला."

"म्हणजे त्यांनी तोंडाने बोलून दाखवलं."

"हो."

"सगळ्यांदेखत."

"म्हटलं ना, हो."

"आणि मी लग्नाआधीपासून तुमच्या दुकानात चिखलात पडलेय. वकीलसाहेबांच्या कोटाला तुम्ही दोन्ही बाह्या डाव्याच कापल्यात. उजवी मी गुपचूप कापून लावली."

"ठाऊक आहे."

"कसं? दिसत तर नाही तुम्हाला."

"हात फिरवला. माझ्याहून बरी बसली होती."

"शिंपीकाका, चला आत."

"थांबा सिस्टर. ही माझी लेक. उद्यापासून दुकानात कापणार ही."

"बरं काका. चष्मा काढून द्या."

"आजी, तुम्ही ऐकलंत ना?" लेकीने विचारलं.

"ऐकलं हो," आजी डोळे मिटूनच म्हणाल्या. "माझा एक ब्लाऊज कापायचाय."