रेंज न्हाई, असं आपण सांगितलं होतं

सरपंच आण्णा, वेल्ह्याहून आलेले केंद्रप्रमुख साहेब, नवे गुरुजी, भोरहून आलेले जगताप बाईंचे मिस्टर, त्यांच्या शेजारी बसलेली त्यांची लेक, वाडीतली वडीलधारी माणसं, आया-बहिणी. आणि सतरंजीवर बसलेल्या पोरांनो.

तुम्ही सगळी आलात. खरं तर हे बसणं उन्हाळ्यातच व्हायला पाहिजे होतं. पण उन्हाळ्यात आपल्या शाळेच्या बाई करोनानं गेल्या तेव्हा कुणाला जाऊ दिलं नाही. त्यांच्या घरच्यांनासुद्धा लांबून बघावं लागलं. आपल्याला तेवढंही नाही. आता भातं कापून झाली, शाळेचं कुलूप निघालं, तेव्हा कुठं आपण त्यांच्यासाठी एकत्र बसलोय.

मला बोलता येत नाही. मी सातवीतनं शाळा सोडलेला माणूस. कापूरहोळच्या गॅरेजात लागलो, तिथं जमलं नाही. सारोळ्याच्या ढाब्यावर लागलो, तिथं मालकाशी भांडलो. मग ट्रकवर क्लीनर. आता लांब होसूरला, बंगळूरजवळ, गोडाऊनला आहे, ते पण किती दिवस ते माहीत नाही. आई म्हणते, ह्याच्या पायाला भिंगरी हाय. असल्या माणसाला आण्णांनी बोलायला उभं केलं. मी म्हणालो, "आण्णा, शिकलेलं कुणीतरी बघा." तर आण्णा म्हणाले, "शिकलेलं समदं पुण्याला हाय. आन बाईंची शाळा तुज्याच मोबाईलात भरायची का न्हाई?"

भरायची. ते खरं आहे.

मी चार ओळी लिहून आणल्या होत्या. बाई मायाळू होत्या, कष्टाळू होत्या, असं. ते वाचून खाली बसणार होतो. पण सकाळी एक झालं, आणि आता ते वाचवत नाही.

सकाळी आम्ही खुर्ची मांडली. तिच्यावर हा फोटो ठेवला, हार घातला. माझी धाकटी बहीण छकुली जवळ येऊन उभी राहिली. फोटोकडं बघितलं आणि मला म्हणाली, "दादा, ह्या कोण?"

मी हार नीट करत बसलो. आई उदबत्तीचा पुडा शोधायला लागली. पुडा तिच्या हातातच होता.

मंडळी, छकुलीनं बाईंचं तोंड कधी बघितलेलंच नाही. तिचं पहिलीत नाव घातलं त्या साली शाळा उघडलीच नाही. तिच्याबरोबरच्या पोरांचं पण तेच. वर्षभर ही पोरं बाईंकडं शिकली, आणि बाई त्यांना फक्त आवाजानं ठाऊक. आज त्यांच्यापुढं फोटो आहे, हार आहे, तुम्ही सगळी गप बसलाय, आणि त्यांना अजून माहीत नाही आपण हितं कशाला जमलोय. तिसरी-चौथीच्या पोरांना माहीत आहे. त्यांना आपण दम दिला, बारक्यांना सांगू नका. त्यांनी नाही सांगितलं. लई गुणाची पोरं.

बारक्यांना काय सांगितलं? सांगितलं, रेंज न्हाई. बाईंचा फोन लागत न्हाई, कारण रेंज न्हाई. आईनं सांगितलं, काकीनं सांगितलं, मी सांगितलं. सगळ्या वाडीनं सांगितलं.

साहेब, तुम्हाला आणि नव्या गुरुजींना हे कळायचं नाही, म्हणून जरा मागनं सांगतो.

आपल्या वाडीत रेंज नाही. रेंज आहे ती वरच्या माळावर, जांभळीखाली, तोरण्याकडं तोंड केलं की. लॉकडाऊनला ट्रक उभा राहिला, मालक म्हणाला घरी जा, मी आलो. घरी बसवेना. दिवसभर माळावर जाऊन मोबाईलवर गाणी ऐकत पडायचो. तर एक दिवस तिथंच फोन आला.

"संतोष का रे? जगताप बाई बोलतेय. तुझ्याकडं मोठा मोबाईल आहे म्हणे."

मी म्हणालो, "बाई, मी काय बी केलेलं न्हाई."

बाई हसल्या. म्हणाल्या, "म्हणूनच फोन केलाय. काहीतरी कर आता. उद्या सकाळी पोरं घेऊन तिथंच बस."

मी म्हणालो, "बाई, मी सातवी नापास. मला काय जमतंय?"

"सातवीत कुणाला नापास करत नाहीत रे. शाळा सोडली म्हण सरळ. आणि तुला शिकवायला कुठं सांगतेय? मोबाईल धर. धरता येतो ना?"

धरला. दुसऱ्या दिवशी सगळी पोरं वर नेली. चित्र दिसण्याएवढी रेंज नव्हती, नुसता आवाज यायचा. स्पीकर लावला तर वाऱ्यानं काही ऐकू येईना. मग घरनं मोठं पातेलं आणलं, त्याच्यात मोबाईल ठेवला, आणि बाईंचा आवाज असा घुमला, की खाली भाताच्या खाचरात वाकलेल्या बाया उभ्या राहिल्या. तिथनं एकीनं वरडून विचारलं, "कोन आलंय रं?" पोरं सगळी एका सुरात वरडली, "बाईऽऽ!"

हौसाआजी, तुम्ही हसताय. हसा. त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, पोरं कुठं गेली? कुणीतरी सांगितलं, ऑनलाईनला. दुपारी तुम्ही फडक्यात भाकरी बांधून निघालात आणि वाटेत भेटेल त्याला विचारत होता, "बाबा, ऑनलाईनला कुनीकडनं जायाचं?" तेव्हापासनं त्या माळाचं नावच ऑनलाईन पडलं. आता माणसं म्हणतात, बैल ऑनलाईनला चरतोय.

छकुली घरी आली की मला विचारायची, "दादा, बाई जेवल्या का? पातेल्यात तर काय न्हाई." एकदा हिनं खरंच त्याच्यात भाताचं ढेकूळ ठेवलं. मोबाईल पुसता पुसता माझी वाट लागली. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तिला सांग, बाईंना भात पोचला. जरा मीठ कमी होतं."

दुसऱ्या दिवशी छकुलीनं मीठ पण आणलं.

असं वर्ष गेलं. मी एवढं एका जागी आयुष्यात बसलो नव्हतो. माझ्या पण कानावर त्यातलं थोडं पडलं. जोडाक्षरं मला कधी धड आली नव्हती, ती मी पहिलीच्या पोरांबरोबर शिकलो, त्यांच्या मागं बसून, ओठ न हलवता. बाईंना ते कळलं होतं का, कुणास ठाऊक. त्या मधूनच म्हणायच्या, "आता मागच्या बाकावरच्यांनी वाचा." माळावर कुठला आलाय बाक? पोरं हसायची. मी खोकायचो.

एकदा बाई स्वतः आल्या होत्या. भोरहून, स्कूटीवर. आपण तेव्हा ओढ्यावरच्या साकवाच्या पुढं रस्त्यावर करवंदीच्या काट्या टाकल्या होत्या, बाहेरचं कुणी येऊ नये म्हणून. चुकलं म्हणत नाही. भीती होतीच. चार जणं काठ्या घेऊन उभी, त्यांत आमचा चुलता. तो म्हणाला, "बाई, तुमी आपल्याच हायसा, पर आत न्हाई येऊ देता यायचं." बाई म्हणाल्या, "मला नका घेऊ. पुस्तकं घ्या. पुस्तकांना खोकला नाही." साकवावर गठ्ठा ठेवला आणि लांब जाऊन उभ्या राहिल्या. मोठी पोरं ह्या बाजूनं हात हलवत होती. पहिलीच्या पोरांना आयांनी त्या दिवशी घराबाहेर काढलंच नाही. बाई वरडून विचारत होत्या, "छकुली कुठली? मीठवाली कुठली?" आम्ही सांगितलं, घरी आहे. बाई म्हणाल्या, "राहू दे. शाळा उघडली की बघीनच."

तेवढं झालं नाही.

शेवटचा तास मला आठवतो. उन्हाळा लागला होता, जांभळीखाली सावली बारीक झाली होती. बाईंचा आवाज बसला होता. म्हणाल्या, "आज मला जरा दम लागतोय. आज मी नाही बोलत. आज तुम्ही मला वाचून दाखवा. पहिलीपासून सुरू करा." छकुलीनं वाचलं. मग एकेकानं वाचलं. दर वेळी बाई शाब्बास म्हणायच्या. त्या दिवशी पातेल्यातनं काही येईना. मला वाटलं फोन कट झाला. मी उचलून कानाला लावला. "बाई, ऐकू येतंय ना?"

श्वासाचा आवाज आला. मग म्हणाल्या, "येतंय रे. थांबवू नकोस. वाचू दे त्यांना."

पोरं वाचत राहिली. चौथीच्या शेवटच्या पोरापर्यंत.

त्यानंतर फोन लागला नाही. मग भोरहून कुणीतरी कळवलं, पुण्याला नेलं होतं, पण आटपलं. मोठी माणसं चावडीवर जमली. आणि पोरं आपली माळावर. छकुलीनं येऊन विचारलं, "बाई का बोलत न्हाईत?" आई भाकऱ्या करत होती. तिनं तव्याकडं बघत सांगितलं, "रेंज न्हाई गं."

आईला मी दोष देत नाही. तुम्ही असता तर काय सांगितलं असतं?

पण रेंज नाही म्हटल्यावर ही पोरं काय करणार? रेंज शोधणार. ती पातेलं घेऊन माळभर फिरायला लागली. ह्या दगडावर ठेव, त्या दगडावर ठेव. बांधाकडनं बघ, कड्याकडनं बघ. एक दिवस पातेलं जांभळीच्या फांदीत अडकवलेलं दिसलं आणि खाली छकुली मान वर करून उभी. मला ते बघवेना. मी बॅग भरली आणि होसूरला गेलो. जाताना मोबाईल घरी ठेवला, तिनं सोडलाच नाही.

परवा मी आलो, तर आई म्हणाली, ती अजून जाती. शाळा उघडली, नवे गुरुजी चांगले आहेत, पण ही मधल्या सुट्टीत माळाची वाट धरती. गुरुजी, तुमच्यावर तिचा राग नाही. तिनं आईला सांगितलंय, बाईंना रेंज आली आणि मी हितं नसले तर त्या कुणाला बोलवतील?

म्हणून आज मला चार ओळी वाचून बसता येत नाही. मी उद्या परत जाणार. मी गेल्यावर ही परत वर जाणार. सकाळी मी बाईंच्या मिस्टरांना बाजूला नेऊन विचारलं, "सर, पोरांना सांगू का? तुमच्यासमोर?" त्यांनी लेकीकडं बघितलं. मग म्हणाले, "आमच्या घरी मुलीला मलाच सांगावं लागलं. कुणीतरी सांगावंच लागतं. सांगा तुम्ही."

छकुले, ऊठ. ये हिकडं. पहिलीतली होता ती सगळी पुढं या. लाजू नका.

हा फोटो बघा. तू सकाळी विचारलंस ना, ह्या कोण? ह्या आपल्या जगताप बाई. तू आवाज ऐकलास, तोंड बघितलं नव्हतंस. अशा दिसायच्या. बघ नीट. हसतायत ना, फोनवर हसायच्या तेव्हा अशाच हसत असतील. ती तिकडं ताई बसली आहे, ती त्यांची लेक.

छकुले, माळावर रेंज आहे. आधी पण होती. आम्ही तुला खोटं सांगितलं. बाई आजारी पडल्या, लई आजारी, आणि वारल्या. आपले आजोबा वारले होते, तसं. त्या आता फोन करणार नाहीत. पातेलं कुठं पण ठेवलं तरी नाही. तू हितं असलीस काय आणि नसलीस काय, त्या बोलवणार नाहीत, म्हणून तू त्यांची वाट बघायची नाही. तुझी काही चूक नाही. तू वाचलेलं त्यांनी ऐकलं होतं. मी फोन कानाला लावून विचारलं होतं. ऐकू येत होतं त्यांना.

ये. इथं माझ्याजवळ उभी राहा.

मंडळी, मला पुढं बोलता येत नाही. आता आपण उभं राहू. मोठ्या माणसांनी बाईंसाठी थोडा वेळ गप राहायचं. पोरांना कुणी गप करू नका. आयांनो, डोळे वटारू नका, तोंडावर पदर धरू नका. त्यांचं हे रडणं उन्हाळ्यातलं आहे, आपणच अडवून धरलं होतं. त्यांना मोठ्यानं रडू द्या.

बाई, नमस्कार करतो.

उभे राहा.